घंटा, वजनकाटा आणि जीपीएसची डबी : कचऱ्याच्या गाडीवर नजर कुणाची?

मी वेळापूरहून बोलतोय. आजचा भाग कचऱ्याच्या गाड्यांवर आहे. लगेच हेडफोन काढू नका, विषय वाटतो तेवढा घाण नाहीये.

एक साधा प्रश्न घेऊ. घंटागाडीला घंटा का असते? गाडी कुठे आलीय ते घरातल्या माणसाला कळावं म्हणून. म्हणजे घंटा हे सरळसरळ लोकेशन शेअरिंग आहे. रेंज एका गल्लीची, डेटा पॅक लागत नाही, आणि आजीलासुद्धा शिकवावं लागत नाही. कचरा कोपऱ्यावरच्या कुंडीत टाकायची सवय मोडून गाडीच दारात आणायची, हा प्रयोग नाशिकनं नव्वदच्या दशकात केला आणि मग तो महाराष्ट्रभर पसरला. आता कित्येक शहरांत घंटेच्या जागी स्पीकरवर गाणं वाजतं, काम मात्र तेच आहे.

आज शहरातल्या बहुतेक घंटागाड्यांच्या डॅशबोर्डखाली आणखी एक वस्तू असते. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी डबी. तीही गाडीचं लोकेशनच सांगते, पण आपल्याला नाही, ऑफिसला. घंटा नागरिकाशी बोलते आणि डबी साहेबाशी बोलते. या दोघींच्या मधल्या काळात काय काय झालं, ते आज बघू.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते, कारण कचरा 'वाहून नेणं' हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात आधी तिथे अंगावर आला. त्याआधी शहराचा कचरा फार लांब जातच नव्हता. बैलगाडीत भरायचा आणि जवळच्या सखल, दलदलीच्या जागेत नेऊन भराव घालायचा. आजच्या मुंबईच्या मध्यभागातली काही जमीन अशी शहराच्या केरकचऱ्यावर उभी आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि कचरा गावाजवळ ठेवणं किती महागात पडतं हे सगळ्यांना कळलं. कचरा लांब न्यायचा तर बैलगाडी पुरणार नाही. मग रेल्वे आली. कुर्ला ते चेंबूर हा रेल्वेमार्ग १९०६ मध्ये झाला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांना त्यावरून प्रवास करायला मिळाला १९२४ मध्ये. हार्बर लाइननं रोज चेंबूरला उतरणाऱ्यांनी हे एकदा आठवून बघा. तुमच्या आधी अठरा वर्षं तिथून कचरा प्रवास करत होता.

या कचरागाडीवर वेगळी नजर ठेवायची गरज नव्हती, कारण ती रुळांवर होती. रूळ सोडून ती कुठे जाणार? निघाली कधी आणि पोचली कधी, हे स्टेशनच्या वहीत लिहिलं की झालं. प्रश्न पुढे सुरू झाला, कचरा मोटारट्रकवर चढला तेव्हा. ट्रकला शहरातले सगळे रस्ते मोकळे असतात. तो ठरलेल्या वॉर्डात जाऊ शकतो, न जाता 'गेलो होतो' म्हणू शकतो, वाटेत दुसऱ्याचा माल टाकू शकतो, किंवा अर्धा रिकामा डेपोवर जाऊन खेप लावू शकतो.

आता आपण मुद्द्यावर येतोय. ट्रक महापालिकेचा आणि ड्रायव्हर पगारी असेल, तर त्यानं एखादी खेप चुकवली तर तो शिस्तीचा प्रश्न होतो. ट्रक कंत्राटदाराचा असेल, तर तोच बिलाचा प्रश्न होतो. आणि बिल आलं की मोजायचं काय, हे ठरवावं लागतं.

सगळ्यात सोपं म्हणजे खेपा मोजा. दिवसाला अमुक खेपा, दर खेपेला अमुक पैसे. मग काय होतं? गाडी अर्धी भरली तरी डेपोकडे पळते, खेप तर झाली ना! बरं, मग वजन मोजा. डेपोच्या दारात वजनकाटा बसवा. भरलेली गाडी काट्यावर घ्या, रिकामी करून परत काट्यावर घ्या, दोन्हीतला फरक म्हणजे कचरा. ऐकायला चोख वाटतं. पण काट्याला वजन कळतं, वस्तू कळत नाही. पावसाळ्यात भिजलेला कचरा आला की आपण पाण्याचे पैसे देतो. आणि बांधकामाचा राडारोडा खाली घातला की दगडविटांचे. मुंबईत २०१७ मध्ये नेमक्या याच आरोपावरून, कचऱ्यात राडारोडा मिसळून वजन फुगवल्याच्या प्रकरणात महापालिकेनं कंत्राटदारांवर कारवाई सुरू केली. रोजचा साधारण सहा-सात हजार टन कचरा असलेल्या शहरात टनामागे थोडे किलो वाढले तरी रक्कम केवढी होते, याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणजे खेप मोजली तर खेप फुगते आणि वजन मोजलं तर वजन फुगतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही असंच आहे. कोडच्या ओळी मोजून बोनस द्यायचं ठरवा, आठवड्यात ओळी दुप्पट होतात आणि प्रोग्राम तेवढाच राहतो.

मग पुढचा विचार आला, गाडीवरच नजर ठेवली तर? इथे जगाच्या इतिहासातला एक तुकडा जोडावा लागतो. जीपीएस ही अमेरिकन लष्कराची व्यवस्था. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ही व्यवस्था सामान्य लोकांनाही वापरता येईल असं जाहीर केलं. पण सामान्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, शंभर मीटरपर्यंतची. शंभर मीटर म्हणजे जुन्या पेठेत चार गल्ल्या. त्या चुकीत कचऱ्याची गाडी शोधणं म्हणजे जत्रेत पोर शोधणं. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला क्लिंटन यांच्या आदेशानं ती मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि एका रात्रीत नकाशावरचा ठिपका दहा-वीस मीटरवर आला. पुढे सिमकार्ड स्वस्त झालं, डबी स्वस्त झाली. २००५ मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती, आणि अरुंद गल्लीत शिरणारी घंटागाडी म्हणून तो गावोगाव दिसायला लागला. गाडी आणि डबी, दोन्ही महापालिकेच्या खिशाला परवडू लागल्या.

मग आलं २०१६. त्या वर्षी तीन गोष्टी लागोपाठ झाल्या. २८ जानेवारीला स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली, त्यात पुणे होतं आणि आपलं सोलापूरही होतं. त्याच दिवसांत मुंबईत देवनारच्या कचरा डेपोला आग लागली होती. तिचा धूर इतका होता की नासाच्या उपग्रहाच्या छायाचित्रात तो दिसला. एकीकडे उपग्रहावरून कचऱ्याची गाडी पकडायची स्वप्नं आणि दुसरीकडे उपग्रहाला थेट कचराच दिसतोय! आणि एप्रिलमध्ये घनकचऱ्याचे नवे नियम आले. २००० च्या जुन्या नियमांच्या जागी आलेल्या या नियमांनी ओला-सुका वेगळा करणं आणि दारोदार गोळा करणं शहरांच्या गळ्यात घातलं. शिवाय त्याच वर्षी स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं. पुढे त्यात गाड्यांवर आणि कामावर डिजिटल देखरेख ठेवण्यालाही गुण मिळायला लागले. शहरांना नंबर हवे होते. मोठ्या भिंतीवर स्क्रीन लागले आणि त्यावर हिरवे-लाल ठिपके फिरायला लागले.

हे ठिपके कसे फिरतात ते थोडं उघडून बघू. डबीत दोन रेडिओ असतात. एक आकाशातलं ऐकतो, सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांचे सिग्नल. दुसरा मोबाइल टॉवरशी बोलतो. डबीची एक वायर गाडीच्या इग्निशनला जोडलेली असते, त्यामुळे इंजिन चालू की बंद ते कळतं. दर दहा-वीस सेकंदांनी एक ओळ सर्व्हरला जाते : गाडी नंबर, वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, इंजिन चालू. सर्व्हरवर नकाशात प्रत्येक कचरा पॉइंटभोवती एक रिंगण आखलेलं असतं. ठिपका रिंगणात शिरला की नोंद होते, 'पॉइंट झाला'.

गोची या रिंगणातच आहे. जुन्या पेठेत दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली घरं आणि मध्ये आठ-दहा फुटांची गल्ली असते. तिथे सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि गाडी शेजारच्या गल्लीत दिसते. रिंगण लहान ठेवलं तर ड्रायव्हर खरोखर जाऊन आला तरी 'पॉइंट चुकला' असं येतं, आणि कित्येक कंत्राटांत अशा चुकलेल्या पॉइंटला दंड असतो. रिंगण मोठं केलं तर गाडी मेन रोडवरून गेली तरी आतल्या गल्लीची हजेरी लागते. यातला बरोबर आकडा कुठलाच नसतो. कुणीतरी ऑफिसात बसून पंचवीस मीटर की चाळीस मीटर हे ठरवतो, आणि त्यावर कुणाचा तरी दिवस कापला जातो किंवा कुणाच्या तरी गल्लीत कचरा पडून राहतो. मी स्वतः असे आकडे टाकणाऱ्या पिढीतला आहे. सेटिंगच्या त्या चौकोनात आकडा टाकायला चार सेकंद लागतात.

शिवाय गाडी आली म्हणजे कचरा उचलला असं थोडंच आहे? ही पळवाट बुजवायला आणखी थर चढले. डबा उचलणाऱ्या हायड्रॉलिक हातावर सेन्सर आले. कचराकुंडीवर टॅग आले. कित्येक शहरांत घरांच्या दारावर क्यूआर कोडचे बिल्ले लागले, आणि कचरा घेताना कामगारानं ते मोबाइलनं स्कॅन करायचे. म्हणजे एका हातात कचऱ्याचा डबा आणि दुसऱ्या हातात मोबाइल. वरून पाऊस. ज्यानं ही स्क्रीन डिझाइन केली त्यानं ओल्या हातमोज्यांनी एकदा तरी ती चालवून बघायला हवी होती.

या सगळ्यात एक खरंच सुंदर गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गाडीनं प्रत्येक रस्त्यावरून निदान एकदा जायचं, परत डेपोवर यायचं आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवायचं. हे गणित १९६० मध्ये कुआन मेइ-को या चिनी गणितज्ञानं पोस्टमनसाठी मांडलं, म्हणून त्याचं नाव पडलं 'चिनी पोस्टमन'. त्याचं मूळ ऑयलरच्या १७३६ सालच्या कोनिग्सबर्गच्या सात पुलांपर्यंत जातं. १९७४ मध्ये बेल्ट्रामी आणि बोडिन या दोघांनी न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या गाड्यांसाठी मार्ग आखण्याचा शोधनिबंध लिहिला, आणि आजच्या रूट सॉफ्टवेअरच्या खानदानात तो आजोबांच्या जागी आहे. नियम गमतीशीर आहे. ज्या चौकात विषम संख्येनं रस्ते येतात, म्हणजे तीन किंवा पाच, तिथेच गाडीला एखादा रस्ता दुसऱ्यांदा तुडवावा लागतो. तुमच्या गावचा नकाशा घ्या आणि तिठे मोजा, गाडीचं जादा डिझेल कुठे जातं ते तुम्हाला दिसेल.

पण गणितातला चौक हा नुसता चौक असतो. तिथे मंगळवारचा बाजार भरत नाही, लग्नाचा मांडव पडत नाही. आमच्या वेळापुरात आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो. एका रात्रीपुरतं गावाचं शहर होतं आणि सकाळी पालखी भंडीशेगावच्या दिशेनं निघाली की पत्रावळी, बाटल्या, केळीच्या साली मागे राहतात. त्या दिवशी कुठला रस्ता आधी घ्यायचा हे सॉफ्टवेअरच्या आधी गाडीवरच्या माणसाला कळतं.

गाडीवरचा माणूस. इतका वेळ आपण खेप, वजन, ठिपका, चौक सगळं मोजलं, हा राहिलाच. आणि इतिहासातही असंच झालंय.

मुंबईतली कचरा वाहतूक श्रमिक संघाची लढाई तुम्ही ऐकली असेल-नसेल. मिलिंद रानडे आणि त्यांचे सहकारी या संघटनेत कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं लढत होते. हे कामगार महापालिकेचा कचरा महापालिकेच्या रस्त्यावरून उचलायचे, पण कागदावर ते महापालिकेचे नव्हते. काहींना तर 'स्वयंसेवक' म्हटलं जायचं आणि पगाराला 'मानधन'. बहुतेक जण दलित समाजातले. औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करायचा निकाल दिला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. निकालाचा कणा होता २४० दिवस. ज्यानं २४० दिवस काम भरलं त्याला त्या दिवसापासून कायम धरायचं. निकाल लागल्यावरही यादीतल्या नावाचं स्पेलिंग एक आणि आधारवरचं दुसरं, अशा फरकांवरून कित्येकांचं प्रकरण लांबत गेलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रकचा नंबर कधी चुकत नाही. तो आरटीओकडे असतो, वजनकाट्याच्या पावतीवर असतो, बिलावर असतो. ट्रक कुठल्या दिवशी कामावर होता याचा पुरावा कंत्राटदाराला पैसे मिळवून देतो, म्हणून तो जपून ठेवला जातो. त्या ट्रकच्या मागच्या फळीवर उभ्या असलेल्या माणसाचा पुरावा जपण्यात कुणाचाच फायदा नव्हता. त्यामुळे तो मागताना अंगठ्याची हजेरी, जुने फोटो, कुणाची तरी साक्ष, असं शोधत बसावं लागतं.

मग माणसावरही डबी बसवली तर? तेही झालंय. नागपूर महापालिकेनं २०१० च्या दशकाच्या शेवटी हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. ठरलेल्या हद्दीत ठरलेला वेळ दिसला तर हजेरी, नाही तर पगार कापला जाण्याची धास्ती. चंडीगडसह इतरही शहरांत हे आलं आणि कामगारांनी आंदोलनं केली. त्यात माइक आहे का, कॅमेरा आहे का, लघवीला गेलं तरी कुणी बघतंय का, ही भीती विशेषतः बायकांच्या बोलण्यात होती. म्हणजे आधी कामगार दिसतच नव्हता, आणि दिसायला लागला तो फक्त पकडण्यापुरता. घड्याळातला तोच डेटा त्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकतो, हे फारसं कुणी बोललं नाही.

पुण्यात एक निराळा रस्ता निघाला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. कचरावेचक, यात बायका जास्त, ढकलगाडी घेऊन दारोदार जातात आणि प्रत्येक घर त्यांना दर महिन्याला ठराविक शुल्क देतं. आता विचार करा, इथे हजेरी कोण घेतं? घरातली माणसं. मावशी दोन दिवस आल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या ग्रुपवर बोंब होते. पैसे देणारा आणि काम बघणारा एकच असला की मधल्या उपग्रहाचं काम बरंच हलकं होतं. या पद्धतीत अडचणी नाहीत असं अजिबात नाही. शुल्क थकतं, झोपडपट्टीत दर परवडत नाही, आणि महापालिकेशी करार वाढवायची वेळ आली की दरवेळी ताणाताणी. तरीही मला ती घंटेच्या जास्त जवळची वाटते.

मी डबीच्या विरोधात नाही. खेपांची आणि वजनाची लबाडी खरी आहे, ते पैसे आपले आहेत, आणि ठिपक्यामुळे ती अवघड झाली हेही खरं. माझं भांडण तो ठिपका कुणाला दाखवला जातो याच्याशी आहे. ड्रायव्हरला त्याच्या दिवसाचा नकाशा संध्याकाळी मोबाइलवर मिळतो का? दंड लावण्याआधी त्याला 'इथे सिग्नल उडाला होता' असं सांगायची जागा आहे का? गाडीवर आज कोण कोण होतं, त्यांची नावं त्या नोंदीत आहेत का? कंत्राट सार्वजनिक पैशाचं असतं, माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, आणि तुमच्या शहराच्या कंत्राटाची प्रत कुणीही मागू शकतो. मागितलीत तर एक कलम आवर्जून बघा : डेटा किती दिवस ठेवायचा.

कारण हिशोब असा आहे. दर दहा सेकंदाला एक ओळ, आठ तासांची पाळी, म्हणजे दिवसाला २,८८० ओळी. एका ओळीला शंभर बाइट धरा. एका गाडीचे २४० दिवस म्हणजे सत्तर एमबीसुद्धा होत नाहीत, लग्नातल्या एका छोट्या व्हिडिओएवढे. आणि २४० दिवस म्हणजे आठ महिने. सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी नव्वद दिवसांनी आपोआप पुसायच्या, अशी सेटिंग कुणी केली असेल, तर गाडीवरच्या माणसाचे पहिले पाच महिने त्याच्या डोळ्यांदेखत गेलेले असतात.